केस किती गेले, त्रास किती झाला: एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

१९८३ साली ॲलन कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिडनीतल्या रुग्णांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पद्धत साधीच होती. केमोथेरपी घेणाऱ्या ९९ जणांपुढे कार्डे ठेवली. एकूण ७३ कार्डे. ४५ कार्डांवर शरीराचे त्रास लिहिलेले, २८ कार्डांवर मनाचे, घरचे, रोजच्या जगण्यातले. ज्याला जो त्रास होत असेल त्याने ते कार्ड उचलायचे आणि उचललेल्यांतून सगळ्यांत नकोसे वाटणारे क्रमाने लावून द्यायचे. सगळ्यांचा हिशेब मांडल्यावर पहिली आली उलटी, दुसरी मळमळ आणि तिसऱ्या जागी केस गळणे. चौथ्या जागी होता ‘उपचाराला जायचे आहे’ हा नुसता विचार.

केस गळून कोणी दगावत नाही, त्यापायी औषधाचा डोस कमी करावा लागत नाही, रुग्णाला दाखल करावे लागत नाही. म्हणून वैद्यकाच्या वहीत हा किरकोळ परिणाम. रुग्णांनी मात्र तो तिसऱ्या जागी आणून ठेवला. सिडनीतच हाच प्रयोग पुन्हा झाला आणि १९९६ साली प्रसिद्ध झाला. मधल्या काळात ऑन्डान्सेट्रॉनसारखी उलटी थांबवणारी औषधे आली होती. उलटी पाचव्या जागी घसरली, मळमळ पहिली झाली, सततचा थकवा दुसरा. केस गळणे होते तिथेच, तिसरे. २००२ साली फ्रान्समधल्या अशाच अभ्यासात ते दुसऱ्या जागी दिसले. त्याच्यावर एकच गोष्ट होती, आपल्या आजाराने घरच्यांची होणारी ओढाताण.

या अभ्यासांनी दार उघडले, पण क्रम म्हणजे माप नव्हे. तिसरा क्रमांक सांगतो की दोन गोष्टी याहून वाईट आहेत. हा त्रास स्वतः केवढा, कोणाला किती, केव्हा, आणि उपायाने कमी झाला की नाही, हे त्यातून कळत नाही. ते कळावे म्हणून जी मेहनत गेली तीन-चार दशके चालली आहे तिची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना. ती लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर मानसशास्त्राचे विद्यार्थी आहेत, डे-केअरमधल्या सिस्टर आहेत, समाजकार्याचे पदवीधर आहेत, आणि ज्यांना आकडेमोड आवडते पण रुग्णालयाचा वास सहन होत नाही असे संख्याशास्त्रज्ञही आहेत. सगळ्यांना इथे काम आहे.

आधी सोपा भाग. केस का जातात? डोक्यावरच्या केसांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही क्षणी वाढीच्या अवस्थेत असतात. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने दुभंगणाऱ्या पेशींपैकी. केमोची बरीच औषधे दुभंगणाऱ्या पेशी शोधूनच मारतात. गाठीतली पेशी आणि केसाच्या मुळातली पेशी यांतला फरक त्यांना कळत नाही. पहिल्या सायकलनंतर दोन-तीन आठवड्यांत गळती सुरू होते. डॉक्सोरुबिसिन (रुग्ण त्याला रंगावरून ‘ते लाल औषध’ म्हणतात) किंवा पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल असेल तर सहसा डोके पूर्ण रिकामे होते. बरेचदा भुवया आणि पापण्याही जातात, आणि त्याबद्दल कोणी आधी सांगितलेले नसते. उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस परत येऊ लागतात. कधी कुरळे, कधी वेगळ्याच रंगाचे. डोसेटॅक्सेल घेतलेल्या काही जणींचे पूर्वीसारखे कधीच येत नाहीत.

केस किती गेले हे मोजायला दोन पट्ट्या रूढ आहेत. १९७९ साली डीन, ग्रिफिथ आणि सॅमन यांनी डोके थंड ठेवून केस वाचवण्याचा प्रयोग ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला, त्यांच्यावरून ओळखली जाणारी डीन श्रेणी शून्य ते चार अशी चढते, दर पायरीला साधारण पाव डोके. दुसरी पट्टी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची, दुष्परिणामांच्या त्या जाडजूड यादीतली, जी जगभरच्या चाचण्यांत वापरतात. तिच्यात केस गळण्याला दोनच श्रेणी आहेत. पहिली: निम्म्याहून कमी केस गेलेले, लांबून लक्षात येत नाही, जवळून पाहिल्यावर कळते. दुसरी: निम्मे किंवा त्याहून जास्त गेलेले, दुसऱ्यांना सहज दिसते, झाकायचे तर विग लागेल, आणि सोबत मानसिक-सामाजिक परिणाम.

ही दुसरी पट्टी सावकाश वाचण्यासारखी आहे. ‘लांबून’ म्हणजे कोणी लांबून? ‘सहज दिसते’ म्हणजे कोणाला? वरवर ही शरीराची मोजणी आहे, पण तिच्या दोन पायऱ्यांमधली रेघ बघणाऱ्याच्या डोळ्याने ओढली आहे. शिवाय मानसिक परिणाम दुसऱ्या पायरीत गृहीतच धरला आहे. पहिल्या पायरीवरच्या बाईला तो असू शकतो याला जागा नाही. प्रत्यक्षात लांब दाट केस असलेल्या बाईचे तिसरा हिस्सा केस गेले की शेपटीएवढी वेणी उरते, ती रोज आरशात दिसते, आणि श्रेणी मात्र एक. उलट आधीच विरळ केसांचा साठीतला माणूस पूर्ण टकला झाला तर श्रेणी दोन, आणि तो म्हणतो, ‘चला, कटिंगचे पैसे वाचले.’ केस किती गेले आणि त्रास किती झाला या दोन वेगळ्या राशी आहेत. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. या क्षेत्रात काम करायचे तर आधी ही गोष्ट पक्की डोक्यात बसायला हवी. निम्मे घोटाळे ती विसरल्याने झालेले आहेत.

आता त्रासाकडे वळू. कर्करोगाच्या रुग्णाचे मन मोजायला पहिल्यांदा वापरली गेली ती आधीपासून हाताशी असलेली साधने. १९८३ साली झिग्मंड आणि स्नेथ यांनी रुग्णालयातल्या रुग्णांसाठी चिंता आणि नैराश्य मोजणारी १४ प्रश्नांची श्रेणी तयार केली. ती सगळीकडे पोचली. पुढे १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयातून ‘डिस्ट्रेस थर्मामीटर’ आला: थर्मामीटरचे चित्र, शून्य ते दहा आकडे, गेल्या आठवड्यात जीव किती घाबरा झाला त्या आकड्यावर खूण करायची. चार किंवा वर असेल तर पुढे विचारपूस करायची. जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंचा या सगळ्यामागे मोठा हात. ‘मानसिक आजार’ म्हटले की रुग्ण बिचकतात, म्हणून मुद्दाम सौम्य शब्द निवडला, ही त्यांची व्यवहारी हुशारी.

पण ही साधने सर्वसाधारण आहेत. त्यांत केसांबद्दल अक्षर नाही. वखारीच्या काट्यावर नथ ठेवली तर काटा हलत नाही. त्यावरून नथीला वजन नाही असे कोणी म्हणत नाही.

दरम्यान कर्करोगासाठी खास बेतलेल्या जीवनमानाच्या प्रश्नावल्या आल्या. युरोपातल्या ईओआरटीसी या संस्थेची क्यूएलक्यू-सी३० ही मूळ प्रश्नावली १९९३ ची, तिला जोडून वापरायची स्तनकर्करोगाची बीआर२३ ही १९९६ ची. या दोन्ही आपल्याला परक्या नाहीत. परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात त्या मराठी आणि हिंदीत आणून शस्त्रक्रिया होऊ शकणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांवर तपासल्या गेल्या, आणि ते काम २००५ साली ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त आले. त्यामुळे मराठी बाईला तिच्या भाषेत केसांबद्दल रीतसर विचारण्याची सोय वीस वर्षांपासून आहे.

बीआर२३ मध्ये केसांचे प्रश्न दोन. आधी विचारतात केस गेले का. नंतर सूचना येते की केस गेले असतील तरच पुढचे उत्तर द्या, आणि विचारतात की त्याने मनाला लागले का. उत्तरे चार: अजिबात नाही, थोडे, बरेच, खूप. ही उत्तरे शून्य ते शंभर या मापात बसवतात; पण प्रश्न एकच असल्याने पट्टीवर चारच खुणा उरतात: ०, ३३, ६७, १००. जिला ‘थोडे’ आणि ‘बरेच’ यांच्या मधले काही सांगायचे आहे तिला जागा नाही. आणि ती ‘केस गेले असतील तरच’ ही अट वरून अगदी निरुपद्रवी दिसते, पण तिचे परिणाम लांब जातात. केस वाचवण्याच्या उपायाची चाचणी घ्यायची म्हटली की ज्यांचे केस वाचले त्यांची उत्तरे कोरी, ज्यांचे गेले त्यांचीच भरलेली. मग तुलना कोणाची कोणाशी करणार? अमेरिकेतल्या फॅक्ट-बी या प्रश्नावलीत अशी अट नाही. केस गळण्याचा त्रास वाटतो का, शून्य ते चार. तिथे उलटीच अडचण. जिचे केस गेलेच नाहीत आणि जिचे गेले पण तिला काही वाटले नाही, दोघींचे उत्तर शून्य. या दोन शून्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

दोन्ही प्रश्नावल्यांत आणखी एक बाई हरवते: जिचे केस अजून गेलेले नाहीत, पण जाणार आहेत हे तिला कालच सांगितले आहे. ओपीडीत बसलेल्या कोणत्याही सिस्टरला विचारा. गाठ कर्करोगाची आहे हे ऐकल्यावर बरेचदा पहिला नाही तरी दुसरा प्रश्न येतो तो ‘केस जाणार का?’ आणि त्याला जोडून ‘परत येतील ना?’ तेव्हा डोक्यावर सगळे केस आहेत, श्रेणी शून्य आहे, आणि त्रास कदाचित सर्वांत जास्त आहे.

या सगळ्या उणिवा ओळखून केवळ याच विषयासाठी श्रेणी घडवली ती कोरियातल्या संशोधकांनी. जूही चो आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘ॲनल्स ऑफ ऑन्कॉलॉजी’त ती मांडली. १७ प्रश्न, चार भाग: शरीर, भावना, रोजचे व्यवहार, नातीगोती. मला यातले शेवटचे दोन भाग फार मोलाचे वाटतात. बाहेर जाणे टाळते का, माणसांत मिसळणे कमी झाले का, जवळच्यांशी वागणे बदलले का, हे विचारणे म्हणजे त्रास डोक्याच्या कातडीवर नसून दोन माणसांच्या मध्ये कुठेतरी आहे हे मान्य करणे. याच गटाच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रियांना केसांपायी मोठा त्रास होत असल्याचे दिसले, आणि त्या स्त्रियांची आपल्या देहाबद्दलची भावना अधिक पडलेली व नैराश्य अधिक होते. उरलेल्यांना तसे झाले नाही, हेही तितकेच ध्यानात ठेवायला हवे. टक्कल म्हणजे दुःख असे समीकरण मांडणारा मोजणी सुरू होण्याआधीच निकाल देऊन मोकळा होतो.

मोजण्याचे साधन निकाल कसा फिरवू शकते याचे आजवरचे सर्वांत बोलके उदाहरण १४ फेब्रुवारी २०१७ च्या ‘जामा’ या नियतकालिकाच्या अंकात आहे. डोके थंड ठेवण्याच्या टोप्यांवरच्या दोन चाचण्या त्याच अंकात शेजारी शेजारी छापल्या. टोपीचे तत्त्व सोपे: औषध चढायच्या आधीपासून चढून झाल्यावर काही वेळापर्यंत डोक्याची त्वचा गार ठेवायची, रक्तवाहिन्या आकसतात, केसांच्या मुळांशी औषध कमी पोचते. पहिल्या, नांगिया आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवाटणी होती. टोपी घातलेल्या ९५ पैकी ४८ जणींचे केस टिकले, म्हणजे निम्म्या. टोपीविना ४७ पैकी एकीचेही नाही. इतका स्वच्छ फरक वैद्यकात क्वचित दिसतो. दुसऱ्या, रुगो आणि सहकाऱ्यांच्या चाचणीतही १०१ पैकी सुमारे ६६ टक्के जणींचे केस वाचले आणि तुलनेच्या १६ जणींपैकी कोणाचेच नाही.

आता जीवनमानाचे आकडे बघा. नांगियांच्या चाचणीत दोन गटांत जीवनमानाचा कोणताही लक्षणीय फरक आढळला नाही. रुगोंच्या चाचणीत पाचपैकी तीन बाबतींत टोपीवाल्या गटाची स्थिती बरी होती. आजाराने किंवा उपचाराने आपण कमी आकर्षक झालो असे वाटणाऱ्या त्यांच्यात २७ टक्के, तर दुसऱ्या गटात ५६ टक्के. केस वाचले तर बरे वाटते की नाही? एकच अंक, दोन उत्तरे.

नांगियांनी वापरलेली साधने होती सी३०, झिग्मंड-स्नेथ यांची श्रेणी आणि देहप्रतिमेची एक सर्वसाधारण श्रेणी. तिन्हींत केसांचा प्रश्न नाही. रुगोंच्या साधनांत दिसण्याविषयीचे नेमके प्रश्न होते. म्हणजे जिथे विचारले तिथे फरक मिळाला, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. पण नव्या अभ्यासकाने इथे घाई करू नये. रुगोंचा तुलनेचा गट फार लहान होता आणि गटवाटणी चिठ्ठ्यांनी झालेली नव्हती. ज्यांनी टोपी निवडली त्यांना मुळातच केसांची ओढ जास्त असणे शक्य आहे. शिवाय टोपीचा स्वतःचा त्रास असतो: थंडीने डोके ठणकते, खुर्चीत जास्त वेळ बसावे लागते, आणि दर सकाळी उशी बघायची की टोपीने काम केले की नाही. टोपी घालूनही ज्यांचे केस गेले त्यांचे काय, हा प्रश्न नेदरलँड्समधल्या २०१० च्या एका अभ्यासाने उभा केला. त्यात अशा स्त्रियांचा कल सर्वांत वाईटाकडे दिसला. आशा दाखवून ती मोडणे हाही एक दुष्परिणाम आहे, आणि कोणत्याही श्रेणीत त्याला अजून घर नाही. आपल्याकडे टाटा मेमोरिअलमध्ये ५१ स्त्रियांवर टोपीची चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली, ती २०२० साली ‘द ब्रेस्ट’मध्ये आली, तिथेही केस टिकण्याचे प्रमाण सुमारे ५६ टक्के होते. टोपी भारतीय केसांवर चालते हे त्यातून दिसले. पुढचा प्रश्न, त्याने त्रास किती कमी झाला हा, मोजणाऱ्यांचा आहे.

त्या पुढच्या प्रश्नाबद्दल इथे जरा थांबून बोलायला हवे, कारण महाराष्ट्रात मुंडन केलेले डोके अर्थाशिवाय कधीच नसते. बाळाचे जावळ काढतात, तिरुपतीला केस वाहतात, वडील गेल्यावर मुलगा डोके भादरतो. म्हणून केमोतल्या तरुणाला बसस्टॉपवर ओळखीचा माणूस गंभीर होऊन विचारतो, ‘घरी काही झालं का?’ आता त्याने काय सांगावे? ‘घरी नाही, मलाच झालंय’ म्हणावे, की मान हलवून वडिलांना जिवंतपणी मारावे? पुरुषांना केसांचे काही वाटत नाही असे मानून या क्षेत्राने त्यांना बराच काळ बाहेर ठेवले, आणि ज्या साधनांवर आज आपण अवलंबून आहोत त्यांतली बहुतेक स्तनकर्करोगाच्या स्त्रियांवरच घडली. या तरुणाचा त्रास कोणत्या रकान्यात लिहायचा?

बाईच्या डोक्याचा अर्थ आणखी जड. केशवपनाची रूढी कायद्याने नाही तर समाजाच्या रेट्याने हटली. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनीच विधवांचे केस काढायला नकार दिला, हा त्या लढ्यातला एक उजळ प्रसंग. रूढी गेली, पण बोडके डोके दिसले की जुन्या पिढीच्या मनात काय उमटते ते गेलेले नाही. नवरा शेजारी बसलेला असताना सवाष्ण बाईच्या सासूला सुनेचे डोके बघवत नाही, तिथे सून आजारी आहे एवढेच कारण नसते. हळदीकुंकवाला बोलावणे येत नाही, किंवा येते आणि तीच जात नाही. कोरियाच्या १७ प्रश्नांत हे सापडणार नाही, आणि सापडावे अशी अपेक्षाही करू नये. आपल्या भाषेत साधन आणायचे तर प्रश्न नुसते मराठीत आणून भागत नाही. आधी बायकांशी आणि पुरुषांशी बसून बोलायचे, त्यांच्या बोलण्यातून नवे प्रश्न काढायचे, मग ते प्रश्न दुसऱ्यांना वाचून दाखवून विचारायचे की तुम्हाला यातून काय कळले. या पायरीला वेळ लागतो आणि निधी देणाऱ्यांना ती दिसत नाही, म्हणून तीच पहिली गाळली जाते.

कुठे मोजले यानेही आकडा बदलतो. लांबून आलेले कितीतरी रुग्ण मुंबईत महिनोन्‌महिने राहतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी शेजारच्या खाटेवरही तसेच डोके असते, तिथे कोणी वळून बघत नाही. रुग्णालयातल्या रांगेत केस असलेलाच माणूस नातेवाईक म्हणून ओळखू येतो. अशा जागी प्रश्नावली भरून घेतली तर त्रास कमीच येणार. तीच बाई दोन सायकलींच्या मधल्या काळात गावी गेली, आणि एसटीतून उतरल्यावर पदर कपाळापर्यंत ओढून घेतला, की त्या दिवशी उत्तर वेगळे. पण त्या दिवशी तिथे प्रश्नावली घेऊन कोणी नसते.

आणि कोणासमोर विचारले? आपल्याकडे प्रश्नावली बरेचदा वाचून दाखवावी लागते. भाऊ, नवरा, जाऊ शेजारी असतात. सिस्टर विचारतात, ‘केस गेल्याचं वाईट वाटतं का?’ आणि उत्तर बाईच्या आधी नवऱ्याचे येते: ‘जीव वाचतोय हे काय कमी आहे, केस काय, येतील.’ बाई मान डोलावते. ‘अजिबात नाही’वर खूण. तिला खरेच वाटत नसेल. अशा बायका असतात आणि त्या अभिनय करत नाहीत. पण जिथे केसांसाठी रडणे म्हणजे नटवेपणा, आणि मरणाच्या दारात नटवेपणा म्हणजे निर्लज्जपणा, तिथे ‘अजिबात नाही’ हे उत्तर दोन निरनिराळ्या जागांहून येऊ शकते. मोजमापाच्या भाषेत याला वैधतेचा प्रश्न म्हणतात. मला तो इतर कोणत्याही तांत्रिक प्रश्नाहून मोठा वाटतो, आणि त्यावर उपायही स्वस्त आहे: पडदा ओढा, नातेवाईकांना चहाला पाठवा, आणि मग विचारा.

तांत्रिक बाजूची भीती नको. तिची निम्मी भीती तिच्या नावांमुळे आहे. एकाच गोष्टीबद्दलचे प्रश्न एका दिशेने उत्तरे देतात का, हे बघायला क्रोनबाख यांचा अल्फा हा आकडा असतो. तोच माणूस पुन्हा विचारल्यावर तेच सांगतो का, हे बघायला काही दिवसांनी पुन्हा प्रश्नावली देतात. या विषयात ही दुसरी चाचणी मोठी गंमत करते: फार लवकर विचारले तर आधीचे उत्तर आठवते, आणि जरा उशीर केला तर तोवर डोके बदललेले असते. दोन आठवड्यांपूर्वी विंचरताना गुंता हातात येत होता, आता गुळगुळीत आहे. उत्तर बदलले तर साधन कच्चे की त्रासच बदलला? याला जोडून आणखी एक गोष्ट, जिच्यावर स्प्रँगर्स आणि श्वार्त्झ यांनी १९९९ साली लक्ष वेधले. आजारात माणसाची मोजपट्टीच सरकते. पहिल्या सायकलला ज्याला ‘खूप’ म्हटले त्याला चौथ्या सायकलला, हातपाय बधिर झाल्यावर, तीच बाई ‘थोडे’ म्हणते. केस तेवढेच गेलेले, आकडा मात्र उतरला. तो आकडा सुधारणा म्हणून अहवालात जातो.

उपचार संपल्यावरचा काळ अजून जवळपास मोकळे रान आहे. केमो संपली की प्रश्नावल्या थांबतात. नंतर पाच-दहा वर्षे चालणाऱ्या संप्रेरकविरोधी गोळ्यांनी काही जणींचे केस हळूहळू विरळ होत जातात. रोज थोडे, गाजावाजा न होता. ‘बरी झालेली’ बाई विरळ भांग घेऊन तपासणीला येते, रिपोर्ट चांगले असतात, आणि केसांचा विषय काढायची तिला लाज वाटते. हे सहसा कोणी मोजत नाही, कारण मोजण्याची वेळ संपली असे ठरलेले आहे.

मोजून पुढे काय, हा प्रश्न विचारणारे वाचक भेटतील आणि त्यांचे बरोबर आहे. थर्मामीटरवर चार आले तर काय करायचे हे ठरलेले आहे. केसांच्या त्रासाचा आकडा किती आला की समुपदेशक बोलवायचा, किती आला की टोपीचा खर्च करायचा, किती आला की नुसते आधी नीट सांगून ठेवणे पुरते, याची रेघ अजून ओढलेली नाही. ती ओढायला मोठ्या रुग्णालयांबरोबर जिल्ह्याच्या ठिकाणची केमो केंद्रे लागतील, कारण तिथली बाई संध्याकाळी घरी जाते आणि तिचे शेजारी तिला त्याच दिवशी बघतात.

नव्याने येणाऱ्याला मी एकच काम आधी सुचवीन. बीआर२३ ची मराठी प्रत मिळवा. ती घरातल्या एखाद्या वयस्क बाईला मोठ्याने वाचून दाखवा, सगळे प्रश्न, थांबत थांबत. कुठे ती हसते, कुठे ‘म्हणजे काय?’ विचारते, कुठे उत्तर द्यायच्या आधी दाराकडे बघते, ते समासात टिपून ठेवा. मग संख्याशास्त्राची पुस्तके उघडा. ती टिपणे जवळ असली की त्यांतले बरेच काही लवकर कळते.